इतर हक्कातले आप्पा

सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. मालक मरतात, वाटण्या होतात, सोसायटीचे बोजे चढतात-उतरतात. पण या रकान्यात एकदा शिरलेलं नाव बाहेर काढायचं म्हटलं तर तहसीलच्या पायऱ्या झिजतात. जळकोट तालुक्यात गावागणिक असा एक माणूस सापडेल, ज्याचं नाव अख्ख्या गावाच्या इतर हक्कात आहे. कुणी लिहिलेलं नाही, तलाठ्याला पत्ता नाही, पण आहे. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं की जागा यानंच दाखवलेली असते. कुणाचा पोरगा फौजदार झाला की त्याला पहिलीत असताना शाळेत हाताला धरून यानंच नेलेलं असतं. आमच्या आळीत अशा माणसाला सगळे आप्पा म्हणतात, म्हणून आपणही आप्पाच म्हणू.

आप्पांना हिस्सा पाहिजे म्हणजे पैसा पाहिजे, असा नवख्या माणसाचा गैरसमज होतो. आप्पांनी आजवर कुणाचा रुपया घेतलेला नाही. उलट खिशातला चहा पाजतील. त्यांचं म्हणणं एकच असतं, “आपल्याला घ्यायचं काय बी न्हाई. नोंद पायजे.” मयतीलाही ते पहिला खांदा मागतात आणि तो मिळाला नाही तर रुसून मागं राहतात. गारपीट झाली की पंचनाम्याला सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या रानात गारा पडलेल्या नसल्या तरी “माझ्या शेजाऱ्याच्या तर पडल्यात की,” म्हणून नुकसानीत वाटा.

यात आप्पांचा एकट्याचा दोष नाही. हा भागच हिश्शाहिश्शानं जगलेला. निजामाच्या राज्यात उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात होता. १९५६ साली भाषेवर राज्यं पडली तेव्हा बिदर म्हैसूरकडं गेलं, उदगीर मुंबई राज्यात आलं आणि आम्ही उस्मानाबाद जिल्ह्याचे झालो. १९८२ साली लातूर वेगळं निघालं, आम्ही लातूरचे. १९९९ साली जळकोटला स्वतःचा तालुका मिळाला. बसल्या जागेवरून न हलता आप्पा तीन जिल्ह्यांचे हिस्सेदार झाले. उदगीर जिल्हा व्हावा अशी मागणी आहे, त्यात तर त्यांनी आगाऊच पाय घालून ठेवलाय. बिदरवरून जाताना ते अजूनही गाडीतल्या पोरांना सांगतात, “बगून घ्या. जिल्ह्याचं गाव हाय आपलं.” रस्त्यावरच्या पाट्या कानडीत असतात. आप्पा त्यांच्याकडं वाटणीत भावाला गेलेल्या रानाकडं बघावं तसं बघतात.

तर अशा आप्पांच्या चुलत भावाच्या नातवानं हैदराबादेत तेलुगू मुलीशी लग्न ठरवलं.

पोरगा तिथल्या हायटेक सिटीत नोकरीला. मुलगी त्याच्याच कंपनीत. जळकोटात या बातमीनं फार खळबळ झाली असं म्हणता येणार नाही, कारण हैदराबाद आम्हाला परकं नाही. पुण्याला माणूस शिकायला किंवा नोकरीला जातो. हैदराबादला जायला कारण लागत नाही. दुखणं वाढलं की हैदराबाद, बस्त्यात जरीची साडी पाहिजे तर हैदराबाद, बांगड्या पाहिजेत तर लाडबाजार. खळबळ केली ती फक्त आप्पांनी. त्यांचा मुद्दा हक्काचा होता. “मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो. मामाला इचारलं का? त्यानं हक्क सोडल्याचं लिवून दिलं का?” मामा स्वतः समोर बसून सुपारी कातरत होता. त्याला एकच मुलगी आणि ती डॉक्टरकी शिकायला रशियात. तो म्हणाला, “आप्पा, माझी काय हरकत न्हाई.” आप्पा म्हणाले, “तुझी नसंल. हरकतीची मुदत असती. एवढ्यात न्हाई म्हनू नको.”

शेवटी पोराच्या बापानं शहाणपणा केला. घरी येऊन म्हणाला, “आप्पा, बोलणीला तुमीच पायजेत. तेलगू मानसं, आमाला बोलायला यायचं न्हाई.” झालं. आप्पांना हिस्सा मिळाला आणि सोयरीक त्यांच्या दृष्टीनं कायदेशीर झाली. बोलणीत त्यांनी मुलीच्या बापाशी आपल्या दखनी हिंदीत जो संवाद केला तो पुढं वऱ्हाडात गाजला: “देखो साब, लडका तुम्हारा, लडकी हमारी. मानपान आधा-आधा. झगडा हुआ तो वो भी आधा.” मुलीचा बाप बँकेतून निवृत्त झालेला. आधा-आधा म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं असावं, कारण त्यानं लगेच होकार दिला आणि म्हणाला, रिसेप्शन मात्र आमच्याकडून, चौमहल्ल्यात.

“कुटं?” आप्पांनी विचारलं.

“चौमहल्ला पॅलेस. निजाम का. अब म्यूझियम है. शाम को शादी-ब्याह कू देते.”

आप्पा त्या क्षणी काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी ट्रंक उघडली.

त्या ट्रंकेत काय आहे ते आळीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. आजोबांच्या नावाचे हाली सिक्क्यातल्या व्यवहाराचे कागद, उर्दूतला एक खासरा, आणि वर्तमानपत्राची कात्रणं. हाली म्हणजे निजामाचा रुपया. सात हाली दिले की सहा कलदार मिळत, कलदार म्हणजे इंग्रजांचे. कात्रणं सगळी एकाच खटल्याची. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत निजामाच्या अर्थमंत्र्यानं लंडनच्या बँकेतले दहा लाख सात हजार नऊशे चाळीस पौंड आणि नऊ शिलिंग पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्ताच्या खात्यावर फिरवले. आठवड्याभरात निजाम म्हणाला, मी सांगितलंच नव्हतं, पैसे परत द्या. बँक म्हणाली, दोघं तिघं मिळून ठरवा. ठरवायला एकाहत्तर वर्षं लागली. ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयानं पाकिस्तानचा दावा फेटाळून निकाल दिला, तोवर ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. भारत सरकार आणि निजामाचे दोन नातू यांनी आपापसात आधीच तडजोड केली होती. निकाल लागला तसे शंभराच्या वर वारस उभे राहिले, आमचाही हिस्सा आहे म्हणून.

ही बातमी वाचून आप्पांना जो आनंद झाला तो त्यांना स्वतःच्या बांधाची केस जिंकूनही झाला नसता. जगात आपल्यासारखी माणसं आहेत, आणि तीही राजघराण्यातली! पण त्यांचा स्वतःचा दावा त्याहून मूळचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारनं शेतकऱ्यावर धान्याची लेव्ही बसवली. सरकारी भावानं धान्य घालायचं म्हणजे घालायचं. रानात पिकलं नसेल तर बाजारातून चढ्या भावानं विकत घेऊन घाला. मुक्तिसंग्रामात लेव्हीला विरोध हा एक मोठा मुद्दाच होता. आप्पांच्या आज्यानं ती लेव्ही घातलेली. “म्हंजे त्या पौंडात आपली जवारी हाय,” आप्पा बोट आपटून म्हणायचे, “हाली करा, कलदार करा, पौंड करा, मूळ जवारी.” निकालानंतर त्यांनी तलाठ्याला विचारलं होतं, लंडनच्या प्रकरणात हरकत कुठल्या नमुन्यात द्यायची. तलाठी नवा होता. त्यानं मुदतवाढीचा नमुना दिला.

मुहूर्ताची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तो रात्री दोन वाजून काही मिनिटांचा होता आणि निम्मं वऱ्हाड फंक्शन हॉलच्या खुर्च्यांवर तोंडं उघडी टाकून झोपलं होतं. आप्पा मात्र टक्क जागे. तेलुगू लोकांत नवरदेव छत्री-काठी घेऊन काशीला निघतो आणि मुलीकडच्यांनी त्याला समजावून परत आणायचं असतं. आप्पांना वाटलं पोरगा खरंच रुसला. जळकोटच्या लग्नांत त्यांनी इतके रुसवे मिटवलेत की ते सगळ्यांच्या पुढं धावले आणि मुलीच्या भावाला बाजूला सारून म्हणाले, “काय पायजे ते माज्याकडनं घे, पन परत चल.” पोरगा हसू दाबून कानात म्हणाला, “आप्पा, नाटक हाय.” आप्पा म्हणाले, “समदे नाटकच करत्यात. तू घड्याळ माग.” पुढं अंतरपाट आला तेव्हा त्यांना बरं वाटलं, आपल्यासारखाच. विड्याच्या पानावर जिरं-गुळाचा गोळा ठेवून नवरा-नवरीनं तो एकमेकांच्या डोक्यावर दाबला तेही त्यांनी खपवून घेतलं. पण तलंब्रालूच्या वेळी, म्हणजे नवरा-नवरी ओंजळी भरभरून हळदीच्या अक्षता एकमेकांवर ओततात तेव्हा, ते मोजायला लागले. शेवटी भटजीला त्यांनी तक्रार केली की मुलीच्या दोन ओंजळी जास्त गेल्या. भटजीला मराठी येत नव्हतं. त्यानं आप्पांना प्रसाद दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची ट्रॅव्हल्स चारमिनारच्या गर्दीतून वळणं घेत खिलवतच्या रस्त्याला लागली. रिसेप्शन संध्याकाळी म्यूझियम बंद झाल्यावर. पण आप्पांनी अख्ख्या वऱ्हाडाला आधीच आणलं होतं, “आधी मोका पाहणी, मग जेवण.” दारात तिकिटाची खिडकी.

“तिकीट?” आप्पा थबकले. “हिस्सेदाराला?”

मागं रांग वाढत होती. आप्पांनी विचार केला, पैसे दिले, तिकीट हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, तारीख वाचली आणि ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. “भरल्याची पावती हाय,” ते मला हळूच म्हणाले. “ठिवा समद्यांनी नीट.”

आत गेल्यावर मात्र आप्पांची चाल बदलली. इतर लोक म्यूझियममध्ये हात मागं बांधून चालतात. आप्पा वाटणीच्या वाड्यात चालावं तसे चालले. भिंतीला टिचकी मारून चुना बघितला. हौदाची खोली विचारली. खिलवतच्या दरबारात वर एकोणीस झुंबरं लागलेली, खाली संगमरवरी चौथरा. पोरी माना वर करून फोटो काढत होत्या. आप्पांनी झुंबरं मोजली. परत मोजली. बरोबर निघाली तेव्हा जरा नाराज झाले. “सतरा निगाली असती तर इचारता आलं असतं.”

महालाचं बांधकाम सलाबतजंगानं १७५० च्या सुमारास सुरू केलं आणि ते पुरं व्हायला अफजलुद्दौलाचा काळ उजाडला, म्हणजे शंभर वर्षं. सलाबतजंगाचं नाव वाचून मी आप्पांना सहज म्हणालो, हा तर १७६० साली उदगीरला सदाशिवरावभाऊंकडून हरला, दौलताबाद, बऱ्हाणपूर, विजापूर असं काय काय द्यावं लागलं त्याला. हे सांगायला नको होतं. आप्पा जागीच थांबले. “उदगीरला? आपल्या उदगीरला?” मग पुढचा अर्धा तास त्यांनी भेटेल त्याला सांगितलं, मुलीच्या मावशीलासुद्धा, की हे घर बांधणारा आमच्या तालुक्यात हरलेला आहे, तेव्हा आज वरपक्षाचा मान दुप्पट. मावशीनं हात जोडून “अय्यो” म्हटलं. आप्पांनी ती कबुली धरली.

१९१२ सालची पिवळी रोल्स रॉइस त्यांनी सगळ्यात जास्त वेळ बघितली. निजामाची खास समारंभाची गाडी, फारशी चाललेलीच नाही. “आज्याच्या बैलाचे खूर झिजले लेव्ही वाहून,” आप्पा काचेला नाक लावून म्हणाले, “अन् ह्येच्या टायरची नक्षी बी गेली न्हाई.” हे बोलताना त्यांच्या आवाजात राग होता असं नाही. भावकीतल्या उधळ्या चुलत्याबद्दल बोलतात तशी किंचित कौतुकाची कुरकुर होती.

जुन्या फोटोंपाशी मी त्यांना निजामाच्या सुनांची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर १९३१ मध्ये सातव्या निजामाच्या दोन मुलांची लग्नं फ्रान्समधल्या नीस गावी झाली. मुली तुर्की सुलतानांच्या घरातल्या: शेवटच्या खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार आणि त्याच घराण्यातली निलोफर. नवरे दक्खनचे, नवऱ्या इस्तंबूलच्या, मांडव फ्रान्सात.

“निलोफर? दवाखान्याची निलोफर?”

तीच. तिच्या नावाचा बायका-मुलांचा दवाखाना आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. तान्ह्या पोराचं अवघड झालं की उदगीर-बिदरकडची माणसं गाडी करून तिकडं पळतात. आप्पांचा नातू दोन महिन्यांचा असताना तिथूनच धड होऊन आला. आप्पांनी टोपी काढली, फोटोतल्या बाईला नमस्कार केला आणि टोपी परत घालत म्हणाले, “मग ह्यांच्याशी नातंच निगालं की.” अर्थात लगेच भर घातली, “लगीन फ्रान्सात केलं पन खर्च जवारीचा.”

दुसरी गोष्ट त्यांना त्याहून भावली. हा महाल अगदी पडायला आला होता. निजामाचा नातू मुकर्रम जाह, त्याची पहिली बायको इस्तंबूलची, राजकुमारी इसरा. १९५९ साली लग्न, पुढं काडीमोड. काडीमोड झालेली ही बाई कित्येक वर्षांनी परत आली, वास्तुविशारद लावले, कारागीर लावले, आणि २००५ साली महाल लोकांसाठी खुला झाला. नंतर युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. आप्पा बाकावर बसले. जळकोटातला त्यांचा वाडा चौदा हिश्शांत आहे आणि चौदाही जण भिंत दुसऱ्यानं लिंपावी म्हणून थांबलेत. “काडीमोड झाल्याली सून,” ते म्हणाले, “इतर हक्कात बी नाव न्हाई. अन् वाडा तिनं उभा केला.” बराच वेळ त्यांनी हेच घोळवलं. मग एकदम उठले, “पन सुरवातीला हिस्सा तिला दिला आसंल कुनीतरी. त्याबिगर कोन करतंय?”

संध्याकाळी हौदाभोवती दिवे लागले, पाण्यात महालाचे सज्जे उतरले, सनई आणि नादस्वरम आळीपाळीनं वाजायला लागले. एका टेबलावर पुलिहोरा आणि बोब्बट्लू, जी आपली पुरणपोळीच. दुसऱ्यावर बगारा बैंगन, मिर्ची का सालन, खुबानी का मीठा. आमच्या बायकांनी येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, करतात तसली भज्जी डब्यात आणली होती, ती कुठं ठेवायची यावरून केटररशी वाद झाला आणि अर्थात आप्पांनी तो आधा-आधा मिटवला. भज्जी पुलिहोऱ्याशेजारी बसली. तेलुगू पाहुण्यांनी ती चटणी समजून घेतली आणि परत परत घेतली.

स्टेजवर आशीर्वादाला गेल्यावर आप्पांनी नव्या सुनेला इसराची अख्खी गोष्ट ऐकवली. मागं दोनशे लोक आहेराची पाकिटं घेऊन उभे. “बेटा, बहू ने घर बनाया. हमारा भी वाडा गिरेला है जळकोट में.”

पोरगीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तो मेरा हिस्सा कितना, आप्पा?”

स्टेजवर सन्नाटा. पोराचा बाप घाम पुसायला लागला. आप्पांनी चष्मा वर केला, पोरगीकडं नीट बघितलं, आणि मोठ्यानं मराठीत जाहीर केलं, “पोरगी घरचीच हाय! कुनी शंका घेऊ नये!” त्यांनी तिला स्वतःच्या खिशातून पाचशे रुपये दिले. आप्पांनी नोंदीशिवाय पैसे दिल्याचं आळीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

खरा सोहळा मात्र जेवणाच्या टेबलावर झाला. मुलीकडच्यांच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ आले होते. शेरवानी जुनी पण कडक इस्त्रीची, काठीला चांदीची मूठ, आवाज मखमली. आप्पांच्या समोर बसून त्यांनी खुबानीचा एक चमचा घेतला आणि झुंबरांकडं बोट दाखवून हळूच म्हणाले, “इसमें मेरा भी थोडा है, मियाँ.”

आप्पांचा घास हातातच राहिला. “आपका? कैसा?”

म्हाताऱ्यांनी नात्याची एक लांबलचक साखळी सांगितली, जिचा शेवट कुठल्याशा बेगमेपाशी होत होता. लंडनच्या पैशातही थोडं येणं आहे म्हणाले. वकील चांगला आहे, फक्त फी फार घेतो.

“आवं मेरा भी है!” आप्पा ओरडलेच. “लंडन में! जवारी का!”

त्यानंतर दोघांनी कुणाकडंही बघितलं नाही. आप्पांनी लेव्ही सांगितली, म्हाताऱ्यांनी वारसाहक्क सांगितला. आप्पांनी बांधाची केस काढली, म्हाताऱ्यांनी त्यांच्या गल्लीतल्या एका दालानाची काढली, ज्याला सात जणांनी कुलपं लावली आहेत. म्हातारे म्हणाले, “तो आप हमारे रैयत हुए.” आप्पा म्हणाले, “रैयत नक्को. हिस्सेदार बोलो.” म्हाताऱ्यांनी डोळे मिटून न्याय केला, “हौ. गल्ला लिये तो हिसाब देना पडता. दादाजान के तरफ से मैं मानता हूँ.” आप्पांचे डोळे भरून आले. ऐंशी वर्षांत आज्याच्या जवारीची बाजू ऐकून घेणारा पहिला माणूस, आणि तोही समोरच्या पार्टीचा.

“मानते ना? तो लिख के देव.” आप्पांनी बंडीच्या आतल्या खिशातून तिकीट काढून पाठमोरं समोर धरलं. म्हाताऱ्यांनी फाउंटन पेन काढलं आणि उजवीकडून डावीकडं झोकदार दोन ओळी लिहून खाली सही ठोकली.

परतीच्या रस्त्यावर जहिराबाद मागं पडलं तरी आप्पा तिकीट हातात धरून बसले होते. गाडीतल्या कुणालाच उर्दू येत नव्हतं. “खासरा बी उर्दूतच असतो,” आप्पा म्हणाले, “वाचतंय कोन? असला म्हंजे झालं.” शेवटी ड्रायव्हर म्हणाला, “द्या इकडं, आप्पा. उदगीरच्या उर्दू शाळेत सातवी केलीय.” चहाला थांबल्यावर त्यानं टपरीच्या दिव्याखाली तिकीट धरलं आणि सावकाश वाचलं:

“लिवलंय... आप से मिलकर बहुत खुशी हुई. खुबानी का मीठा उम्दा था.”

गाडीत हसायचं की नाही याचा कुणालाच अंदाज येईना. आप्पांनी तिकीट परत घेतलं.

“खाली तारीख हाय?”

“हाय.”

“सही?”

“हाय की, झकास.”

“मग झाली नोंद,” म्हणून आप्पांनी ते आतल्या खिशात सरकवलं.

ड्रायव्हरनं चहाचा कप ठेवला, गाडीकडं जाता जाता थांबला आणि जरा घुटमळत म्हणाला, “आप्पा, एक इचारू का? आमच्या आज्यानं बी लेव्ही घातल्याली. लई पोती. त्या लंडनच्यात आमचं बी काय तरी...”

आप्पांनी त्याला पायापासून टोपीपर्यंत निरखलं.

“कागद हाय का?”